सांथीची वर्दी वेळेवर कां येत नाहीं?

(नभोवाणीवरील भाषण)

मी वैद्य नव्हे आणि संख्याशास्त्राचा पंडित तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मास्तरकीची सनद घेतली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडच्या आसपासच्या खेड्यांत मुलांना पाढे व अपूर्णांक शिकवीत आयुष्य घालविलें. नागभीड हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं रेल्वेच्या वेळापत्रकांतच वाचलें असेल. गोंदियाहून बल्लारशहाकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. नागपूरची लहान रुळांची गाडी सन २०१९ मध्यें रुंद रुळांच्या कामासाठीं बंद होईपर्यंत येथेंच येऊन थांबे. धानाच्या बांध्या, तलाव आणि त्यांपलीकडे रान, असा हा मुलूख आहे. आम्ही त्यास झाडीपट्टी म्हणतों.

अशा आडबाजूच्या मास्तरानें आज जो विषय घेतला आहे तो ऐकून आपण कदाचित् हंसाल. संसर्गजन्य रोगांची बातमी देशानें कशी गोळा करावी आणि त्या कामासाठीं पैसा कां खर्च करावा, हा तो विषय. आंकडे आणि अंदाजपत्रक, दोन्ही सारखींच रुक्ष! परंतु या रुक्ष विषयाशीं माझा एक जुना हिशेब आहे, तो आधीं सांगतों.

माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांतील एक पावसाळा. रोवणीचे दिवस होते. नाल्यापलीकडे बारा-चौदा घरांचा एक टोला होता आणि तेथून नऊ मुलें शाळेंत येत. त्या आठवड्यांत प्रथम दोन मुलें येईनाशीं झालीं, मग आणखी चार, आणि तिसऱ्या दिवशीं त्या टोल्यांतून एकहि मूल आलें नाहीं. रोवणीच्या दिवसांत मुलें आईबापांबरोबर बांधीवर जातात, हें आमच्याकडे सर्वांस ठाऊक आहे. मीं हजेरीपटांत नऊ नांवांपुढें गैरहजेरीची खूण केली आणि मासिक पत्रकाच्या शेऱ्याच्या रकान्यांत 'शेतकामामुळें' असें लिहून मोकळा झालों. दहाव्या दिवशीं त्या टोल्यांतील एक म्हातारी शाळेच्या पडवींत येऊन उभी राहिली. "गुरुजी, शाळंत औषध भेटते काय जी? घरोघरीं ताप आहे," एवढेंच ती म्हणाली.

त्याच दुपारीं मीं सायकलीवरून दवाखान्यास निरोप पोंचविला. रक्ताचे नमुने घेतले गेले, तेव्हां मेंदूवर जाणाऱ्या जातीचा हिंवताप निघाला. औषधें मिळालीं आणि आठ मुलें हळूहळू शाळेंत परत आलीं. नववा मुलगा चौथींत होता. त्याचें अक्षर फार सुरेख होतें. तो परत आला नाहीं.

त्या मुलाच्या आजाराची नोंद कोठें सांपडेल? ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या पुस्तकांत कारण लिहिलें आहे 'ताप'. माझ्या पत्रकांत लिहिलें आहे 'शेतकाम'. दवाखान्याच्या वहींत तर त्याचें नांवच नाहीं, कारण तो दवाखान्यांत कधीं गेलाच नव्हता. तीन वह्या, तिन्ही नियमाप्रमाणें भरलेल्या, आणि तिन्ही मिळून निरुपयोगी! माझा हजेरीपट तिसऱ्याच दिवशीं मला सांगत होता, पण तो वाचावयाचा कसा हें मला कोणीं शिकविलें नव्हतें, आणि मींहि कोणास विचारलें नाहीं. हा दोष मी दुसऱ्या कोणावर घालीत नाहीं. पण तेव्हांपासून रोगाची बातमी कशी प्रवास करते, कोठें अडते आणि कोठें मरते, याची मला चौकशी लागून राहिली.

माझ्या आजोबांच्या काळीं ही बातमी नेण्याचें काम गांवच्या कोतवालाकडे असे. आमचा जिल्हा तेव्हां मध्यप्रांतांत होता. गांवांत कोण जन्मलें व कोण मेलें याची नोंद असलेलें पुस्तक घेऊन कोतवाल ठराविक दिवशीं पोलीस ठाण्यावर वर्दी देण्यास जाई. तीं जुनीं कोतवाल बुकें आजहि तहसिलीच्या दप्तरांत आहेत आणि जातीच्या दाखल्यासाठीं आजोबा-पणजोबांच्या जन्माची नक्कल काढावयास लोक तेथें खेपा घालतात. ज्या पुस्तकाचा जन्म लोकांच्या आरोग्याची मोजदाद करण्यासाठीं झाला, त्याचा उपयोग आतां दाखल्यापुरता उरला आहे!

त्या काळच्या सरकारी पत्रकांत मृत्यूच्या कारणांचे मोजकेच रकाने असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात आणि इतर. यांपैकीं 'ताप' हा रकाना सर्वांत मोठा असे. हिंवताप, विषमज्वर, प्रसूतीनंतरचा ज्वर, जें जें कळलें नाहीं तें सारें त्या एका शब्दाच्या पोतडींत जाई. सन १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें हिंदुस्थानांत सव्वा कोटीच्या आसपास, आणि कांहींच्या मतें त्याहूनहि पुष्कळ अधिक, माणसें गेलीं असा अंदाज आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हे त्या संहारांत सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकीं होते. ते मृत्यूहि मुख्यतः 'ताप' याच रकान्यांत पडले. किती ठिकाणीं तर वर्दी देणारेच आजारी पडले आणि नोंद बंद झाली. म्हणूनच आजहि विद्वानांस त्या वर्षाचा आंकडा अंदाजानेंच सांगावा लागतो. ज्या वर्षीं मोजणें सर्वांत आवश्यक होतें, नेमक्या त्याच वर्षीं मोजमाप कोलमडलें.

आपण म्हणाल, या गोष्टी जुन्या झाल्या. पण 'ताप' हा शब्द अजून जुना झालेला नाहीं. सन १९६५ मध्यें नागपूरजवळच्या चांदिपुरा या वस्तींत एक नवा विषाणु सांपडला आणि त्यास त्या जागेचेंच नांव मिळालें. पुढें सन २००३ मध्यें त्याच विषाणूनें आंध्रांत व आमच्या विदर्भांत अनेक बालकांचे प्राण मेंदूज्वरानें घेतले. सन २०१८ च्या पावसाळ्यांत विदर्भांत स्क्रब टायफसनें डोकें वर काढलें. गवतांतील सूक्ष्म किड्याच्या चाव्यानें होणारा हा ताप वेळेवर ओळखला तर स्वस्त औषधानें बरा होतो, आणि ओळखला नाहीं तर जीव घेतो. दोन्ही तापांचा आरंभ सारखाच: अंग तापतें, डोकें दुखतें आणि घरचीं माणसें म्हणतात, 'दोन दिवसांत उतरेल.' तेव्हां तापाचीं नांवें वेगळीं करणें हें पांडित्य नसून प्राण वांचविण्याचें काम आहे.

आतां थोडें गणित. भिऊं नका, चौथींच्या पलीकडचें नाहीं. रोगाचें प्रमाण म्हणजे एक अपूर्णांक. वर अंश, म्हणजे आजारी पडलेले लोक. खालीं छेद, म्हणजे त्या ठिकाणीं राहणारे एकंदर लोक. अंश चुकला तर उत्तर चुकतें, छेद चुकला तरीहि चुकतें. आपल्या देशांत सन २०२१ ची जनगणना पुढें ढकलली गेली, त्यामुळें वर्षानुवर्षें छेदाच्या जागीं सन २०११ चीच लोकसंख्या, किंवा तिजवरून बांधलेला अंदाज, वापरावा लागला. अंशाची कथा तर आणखी बिकट. जो दवाखान्यांत आला तोच मोजला जातो. जो घरीं राहिला, जो भगताकडे गेला, किंवा ज्यानें खाजगी डॉक्टरकडून सुई टोंचून घेतली, तो बहुधा मोजलाच जात नाहीं.

या अपूर्णांकांत आणखी एक राशि आहे, ती शाळेंत शिकवीत नाहींत. ती म्हणजे काळ. महिन्यानें आलेला अचूक आंकडा इतिहास लिहिणाऱ्याच्या उपयोगाचा असतो. दुसऱ्या दिवशीं आलेला ढोबळ आंकडा मात्र रोग्याच्या उपयोगाचा. वरातीमागून आलेलें घोडें कितीहि देखणें असलें तरी नवरदेवास काय त्याचें? म्हणून जगांतील जाणत्या लोकांनीं अलीकडे एक सोपें माप ठरविलें आहे: सांथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ती ओळखावी, ओळखल्यावर एका दिवसांत वर्दी द्यावी आणि पुढील सात दिवसांत बंदोबस्ताची पहिली पावलें पुरीं व्हावींत. माझ्या त्या टोल्याची सांथ या मापानें पहिल्याच पायरीवर नापास झाली.

पूर्वजांच्या अनुभवांतून या बाबतींत चार धडे मिळतात. पहिला धडा भीतीचा. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. विएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षीं सांथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यांत शिपायांकरवीं घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्या झडत्यांत लोकांच्या अब्रूची व देवघराची पर्वा राहिली नाहीं. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. त्या रोषाचा शेवट रँडच्या खुनांत झाला, हें आपण जाणतांच. जेथें वर्दी देणें म्हणजे स्वतःच्या घरावर संकट ओढवून घेणें असतें, तेथें वर्दी येत नाहीं.

दुसरा धडा विश्वासाचा व चिकाटीचा. देवीच्या रोगाचें उच्चाटन केवळ सर्वांस लस टोंचून झालें नाहीं. शेवटच्या वर्षांत कार्यकर्ते घरोघर जाऊन रोगी शोधीत, रोगी सांपडला कीं त्याच्या भोंवतींच्या लोकांस तात्काळ लस टोंचीत, आणि खरी वर्दी देणाऱ्यास बक्षीस देत. रोगी जसजसे विरळ झाले तसतशी बक्षिसाची रक्कम वाढत गेली आणि शेवटीं ती हजार रुपयांवर पोंचली. सन १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला. मागें झडतीस येणारा शिपाई होता, येथें बक्षीस घेऊन येणारा कार्यकर्ता होता. दार ठोठावणें तेंच, पण उत्तर निराळें मिळालें.

तिसरा धडा शून्याचा. पोलिओच्या बाबतींत सन १९९७ पासून अशी व्यवस्था उभारली गेली कीं, पंधरा वर्षांखालील कोणत्याहि मुलाचा हातपाय एकाएकीं लुळा पडला तर, कारण कांहींहि असो, त्याची वर्दी द्यावयाची आणि त्याच्या शौचाचे दोन नमुने तपासावयाचे. यांत एक मोठी खुबी आहे. पोलिओ नसतांनाहि दर लाख मुलांमागें कांहीं मुलें इतर कारणांनीं अशीं लुळीं पडतातच. ज्या जिल्ह्यांतून अशी एकहि वर्दी येत नाहीं, तेथें रोग नाहीं असें न समजतां, तेथें पाहणाराच झोपला आहे असें समजावयाचें! शून्य दोन प्रकारचें असतें: शोधून न सांपडलेलें आणि मुळीं न शोधलेलें. कागदावर दोन्हीं सारखींच दिसतात. हा भेद ओळखणारी यंत्रणा होती म्हणूनच सन २०११ च्या जानेवारीनंतर देशांत नैसर्गिक पोलिओचा रोगी नाहीं, हें विधान जगानें मान्य केलें आणि सन २०१४ मध्यें तसें प्रमाणपत्र मिळालें.

चौथा धडा ढिलाईचा, आणि तो आमच्या रानाच्या अगदीं जवळचा आहे. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत दरसाल साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई आणि आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. सन १९५३ मध्यें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. फवारणी झालीच, पण तिजबरोबर घरोघर फिरून तापाचे रोगी शोधणारे व त्यांचें रक्त कांचपट्टीवर घेणारे कर्मचारीहि नेमले गेले. सन १९६५ च्या सुमारास रोग्यांची नोंद लाखाच्या घरांत उतरली. मग सर्वांस वाटलें, शत्रु संपला. लक्ष व पैसा दुसरीकडे वळला, फवारणी अनियमित झाली, पाळत सैल पडली. तिकडे डांस औषधास दाद देईनासे झाले. सन १९७६ मध्यें हिंवतापाचे चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. पहाऱ्याचा खर्च चोर सांपडत नाहीं म्हणून कमी करावा, अशांतलाच हा प्रकार!

याच धड्याची एक उजळ बाजू आमच्या शेजारीं गडचिरोलींत दिसते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें तेथें गांवोगांव प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यु काळजीपूर्वक नोंदण्यास सुरुवात केली. सन १९८८ मध्यें त्यांस असें आढळलें कीं, त्या गांवांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं १२१ पहिल्या वाढदिवसापूर्वींच दगावत होतीं. मुलें कशानें मरतात हें मोजलें तेव्हां न्यूमोनियाचें नांव पुढें आलें. मग गांवांतल्याच माणसांस श्वास मोजावयास व औषध द्यावयास शिकविलें, आणि मृत्यु कमी झाले. पुढें सन २००१ मध्यें अनेक संस्थांनीं मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. राज्यांतील पुष्कळ बालमृत्यु सरकारी नोंदींत येतच नाहींत, हें त्यानें दाखवून दिलें. मोजण्यापासून उपायाची सुरुवात होते, याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां आजची व्यवस्था पाहूं. सन १९९४ मध्यें आधीं बीड जिल्ह्यांत आणि मग सुरतेस प्लेगची हाकाटी झाली. सुरतेंतून लोक आगगाड्या भरभरून पळाले आणि देशाच्या व्यापारास जबर धक्का बसला. रोगाहून अफवेनें अधिक नुकसान केलें, कारण खरें काय तें वेळेवर सांगणारी यंत्रणा दुबळी होती. त्या धड्यानंतर हळूहळू पावलें पडलीं. सन २००४ च्या नोव्हेंबरांत जागतिक बँकेच्या साहाय्यानें एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. पुढें तो देशाच्या स्वतःच्या पैशावर राष्ट्रीय आरोग्य अभियानांत चालूं लागला. त्याची योजना शाळेच्या तीन इयत्तांसारखी आहे. पहिल्या पत्रकांत आरोग्यसेविका केवळ लक्षणें लिहिते, जसें ताप, जुलाब, कावीळ. दुसऱ्यांत डॉक्टर आपलें अनुमान लिहितो. तिसऱ्यांत प्रयोगशाळा पक्का निर्णय लिहिते. प्रारंभीं हें सारें आठवड्यास एकदां कागदावरून जाई. सन २०२१ च्या एप्रिलपासून एकात्मिक आरोग्य माहिती मंच देशभर आला. आतां सेविका मोबाईलवरून नोंद पाठवूं शकते आणि गांवापर्यंतचें चित्र जिल्ह्यास व दिल्लीस दिसूं शकतें. पूर्वीं अठरा रोगांची पाळत होती, ती तेहतीसांवर गेली. कोतवालाच्या पायवाटेपासून येथवरचा हा प्रवास लहान नव्हे, आणि ज्यांनीं तो घडविला त्यांस मी नमस्कार करतों.

मग अडतें कोठें? पहिलें, आरंभींच. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? माहितीचा पहिला थेंब आशाताईच्या हातून पडतो. ती मोबदल्यावर काम करणारी बाई, गरोदर स्त्रियांची यादी, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, हिंवतापाची तपासणी, सारें तीच पाहते. क्षयाची नोंद एका ठिकाणीं, मातेची दुसऱ्या, लसीची तिसऱ्या, सांथीची चौथ्या. त्याच घराचें नांव तिला चार वेळां लिहावें लागतें. रानांतल्या टोल्यांत मोबाईलला रेंज नसते. मग संध्याकाळीं टेकडीवर किंवा मोठ्या रस्त्यावर येऊन ती दिवसाची नोंद पाठविते. महाराष्ट्रांतील आशांनीं मानधनासाठीं सन २०२३ व २०२४ मध्यें संप केला, तेव्हां शहरांतील लोकांस ती मजुरीची मागणी वाटली. मला त्यांत देशाच्या आरोग्यवहीच्या पहिल्या पानाची किंमत दिसली.

दुसरी अडचण प्रयोगशाळेची. संशयित नमुना येथून नागपुरास जावयाचा म्हणजे सुमारें शंभर किलोमीटरचा प्रवास. नमुना थंड ठेवावयाचा, वाहन मिळवावयाचें, आणि निकाल परत यावयाचा. तोंपर्यंत गांवांत आणखी दहा घरें तापतात.

तिसरी अडचण स्थलांतराची. आमच्याकडील मजूर धानाची कापणी आटोपली कीं मिरचीच्या तोडणीसाठीं तेलंगणांत जातात. सन २०२० च्या टाळेबंदींत ते तेथें अडकले होते, हें आपण वाचलें असेल. एखाद्यास तेथें ताप येतो, तो गोळी खाऊन परत येतो आणि आमच्या डांसांस तो रोग देतो. त्याचें नांव तेथल्या वहींत नाहीं, कारण तो तेथला नाहीं. येथल्या वहींत नाहीं, कारण तो तेव्हां येथें नव्हता. डांसास जिल्ह्याची व राज्याची सीमा दिसत नाहीं, ती फक्त पत्रकास दिसते.

चौथी अडचण खाजगी वैद्यकाची, आणि ही गोष्ट शहरांतील श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची वर्दी देणें सन २०१२ पासून सर्व डॉक्टरांस बंधनकारक आहे. त्यासाठीं 'निक्षय' नांवाची व्यवस्था आहे, आणि नोंद झालेल्या रोग्यास पोषणासाठीं दरमहा मिळणारी मदत सन २०२४ मध्यें पांचशेंवरून हजार रुपये करण्यांत आली. नोंद करण्यांत रोग्याचाहि लाभ असला म्हणजे ती होते, हें येथें पुन्हां दिसतें. पण इतर रोगांच्या बाबतींत मोठमोठ्या शहरांतील कित्येक खाजगी दवाखाने अजून या वर्दीच्या साखळीबाहेरच आहेत.

पांचवी अडचण माझ्या मनास सर्वांत लागते. माहिती वर जाते, खालीं येत नाहीं. आशा आठवड्यामागून आठवडे नोंदी पाठविते, पण 'तुझ्या टोल्यांत ताप वाढतो आहे, सावध राहा' असें तिला परत कोणी सांगत नाहीं. ज्या मुलाची वही तपासून कधींच परत मिळत नाहीं, तें मूल गृहपाठ किती दिवस मनापासून करील?

आतां पैशाकडे येतों. सन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें असें म्हटलें होतें कीं, सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा. सन २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के भरला. महामारीनंतर दोन मोठ्या तरतुदी झाल्या. सन २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं आरोग्याच्या पायाभूत सोयींची ६४,१८० कोटि रुपयांची योजना आली, आणि तींत जिल्ह्याजिल्ह्यांत एकत्रित प्रयोगशाळा व तालुका पातळीवरील सार्वजनिक आरोग्य केंद्रें यांचा समावेश होता. पंधराव्या वित्त आयोगानें त्याच पांच वर्षांसाठीं स्थानिक संस्थांच्या द्वारें आरोग्यासाठीं ७०,०५१ कोटि रुपयांची शिफारस केली. या रकमा मोठ्या आहेत. परंतु इमारत, यंत्र व उद्घाटनाची शिळा यांस पैसा जितक्या सहज मिळतो, तितका तो तें यंत्र चालविणाऱ्या माणसास, दुरुस्तीस व कोऱ्या वहीस मिळत नाहीं. पांच वर्षांची योजना संपते, सांथ संपत नाहीं.

कोणी विचारील, 'मास्तर, गरिबांस औषध मिळत नाहीं आणि तुम्ही आंकड्यांवर पैसा उधळावयास सांगतां?' हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. ज्या रोगास आज औषध नाहीं, किंवा ज्या गांवांत आज गोळी पोंचत नाहीं, तेथें गोळीचा पैसा तोडून संगणक घेऊं नये, हें मलाहि मान्य आहे. पण माझ्या त्या टोल्यास हिंवतापाची गोळी दुर्मिळ नव्हती. ती चार कोसांवर कपाटांत होती. दुर्मिळ होती ती बातमी. औषध कोठें पाठवावें हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या कपाटांतील औषध तेथेंच पडून राहतें. तेव्हां हे दोन खर्च एकमेकांचे वैरी नव्हेत, बैलजोडी आहेत.

माझ्या मतें पैसा या क्रमानें जावा. प्रथम माणसांस: आशा व आरोग्यसेविका यांच्या नोंदीच्या वेळाची मजुरी वेळच्या वेळीं मिळावी, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सांथी ओळखणारा तज्ज्ञ व आंकडे जुळविणारा लेखनिक यांच्या नेमणुका कायम असाव्या. मग प्रयोगशाळेस व नमुने नेणाऱ्या वाहनास. मग निरनिराळ्या नोंदी एकमेकींस जोडण्यास, म्हणजे एक नांव एकदांच लिहावें लागेल. मग परतीच्या निरोपास: दर आठवड्याचा तालुक्याचा तक्ता, सोप्या मराठींत, ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर लागावा. आणि माझी स्वतःची एक पदरची सूचना: शाळेच्या हजेरीपटासहि या व्यवस्थेंत जागा द्यावी. एका वस्तींतलीं तीन मुलें एकाच आठवड्यांत आलीं नाहींत तर मास्तरानें शेरा लिहिण्यापूर्वीं आरोग्यसेविकेस एक निरोप धाडावा. याला खर्च जवळजवळ कांहींच नाहीं.

एका धोक्याची सूचना दिल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. माहिती गोळा करणाऱ्याच्या हातीं लोकांची अब्रू असते. आमच्याच जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचें आनंदवन उभें आहे. तें उभारावें लागलें, कारण एका रोगाचें नांव कळतांच समाज माणसास घराबाहेर काढीत होता. आजहि क्षयाचें नांव लागलेल्या मुलीचें लग्न मोडतें. म्हणून सांथीच्या तक्त्यांत गांव व संख्या दिसावी, नांव दिसूं नये. नांव केवळ उपचार करणाऱ्यापाशीं राहावें. सन २०२३ मध्यें देशानें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. तो कागदावर न राहतां दवाखान्याच्या खिडकीपाशीं पाळला जावा. सन १८९७ चा अनुभव विसरलों तर कितीहि कोटि खर्चून लोक पुन्हां रोगी लपवूं लागतील.

श्रोतेहो, आपण शहरांत राहतां. नागभीडच्या टोल्यांतील ताप आपणांस दूरचा वाटेल. पण महामारीच्या वेळीं मुंबई-पुण्याचीहि गत काय झाली तें आठवा. सन २०२१ च्या जूनमध्यें आपल्या राज्यास मागील महिन्यांतले हजारों मृत्यु मागाहून नोंदींत घालावे लागले. म्हणजे मोजणीची दुबळी कडी रानांतच असते असें नव्हे. तेव्हां आपल्या डॉक्टरांस एवढेंच विचारा: 'या रोगाची वर्दी आपण दिली काय?' आपल्या नगरसेवकास अंदाजपत्रकाच्या वेळीं विचारा: 'रोगांच्या नोंदीसाठीं यंदा किती रक्कम धरली आहे, आणि दर आठवड्याचे आंकडे आम्हांस कोठें वाचावयास मिळतील?' आणि घरीं ताप आला तर लपवूं नका.

माझा तो जुना हजेरीपट आतां कोठें आहे, ठाऊक नाहीं. बहुधा वाळवीनें खाल्ला असेल. पण त्यांतील नऊ नांवें मला क्रमानें पाठ आहेत, आणि नवव्या नांवापुढें मीं लिहिलेला 'शेतकामामुळें' हा शेराहि. ती चूक मला आतां खोडतां येणार नाहीं. पण आज कोठल्या तरी शाळेंत एखादा तरुण मास्तर हजेरी घेत असेल आणि त्याच्या एका रांगेंत जागा रिकाम्या दिसत असतील. त्यानें लेखणी टेंकविण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि त्यानें पाठविलेल्या निरोपास पलीकडून कोणीतरी ताबडतोब उत्तर द्यावें. त्या उत्तर देणाऱ्याचा पगार, त्याची गाडी आणि त्याची प्रयोगशाळा, यांसाठीं मी आज आपणांपाशीं पैसा मागत आहें.